तुझ्या वाटणीची शांतता

विनिपेग,
९ फेब्रुवारी

लाडक्या दारका,

आशीर्वाद. मी बरा आहे. थंडी हाडं पोखरते आहे, पण घर तापवणारी तळघरातली भट्टी चालू आहे. तुझा खांदा कसा आहे? टोरांटोच्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात? शेक घेतेस ना? काही उचलू नकोस. तू लिहीत नाहीस, मग मला भलतंसलतं सुचत राहतं.

तुमच्या वादकांच्या चौकडीतले उरलेले तिघे दर बुधवारी आपल्या तळघरात येतातच. जिवंत माणसांनी लिहिलेलं संगीतच वाजवायचं, हा तुमचा हट्ट. मागे मी भट्टीच कुरकुरते आहे समजून हातोडी घेऊन खाली गेलो. वाद्यावरचा गज थांबवून फिलिप म्हणाला, "तातो, भट्टी ठणठणीत आहे. तो मी होतो." तू बापाला तातो म्हणतेस, तसे तेही मला तातोच म्हणतात. खूप हसले मेले.

तू उपचारांसाठी गेल्यापासून ते तुझी जागा मोकळी ठेवून वाजवायचे. जिथे तुझा व्हायोला, व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, एकटा यायचा, तिथे तिघे गप्प राहून मनात मोजायचे, मग पुढे. मी वर बटाटे सोलत ऐकायचो. तुमचं संगीत मला कळत नाही, पण ती शांतता तुझी, एवढं कळायचं.

या बुधवारी त्या जागी आवाज आला. खालच्या पट्टीतला, घोगरा. मला वाटलं, न कळवताच आलीस. बीटाच्या बोर्श्ट सुपाचा वाडगा घेऊन तसाच जिना उतरलो, गुडघ्याचं भान राहिलं नाही. "दारका!" म्हणून ओरडलोसुद्धा.

तुझ्या खुर्चीवर दुसरीच बाई होती. आयव्ही नाव, कॅल्गरीची. बिचारी उठून उभी राहिली. मग वाडगा तिलाच दिला. काय करणार?

जाताना फिलिप म्हणाला, "मार्चच्या कार्यक्रमापुरतीच आहे, तातो. दारकाला आम्हीच सांगू. तुम्ही लिहू नका."

"तेवढ्यापुरतीच ना?" मी विचारलं.

तो बुटाची नाडी बांधत राहिला. बांधलेलीच होती ती.

ती चांगली वाजवते, पोरी. कुठेतरी चुकेल म्हणून मी शेवटपर्यंत जिन्यावर बसून होतो.

येत्या बुधवारी ते पुन्हा येतील. घर माझं आहे, आणि दार न उघडण्याइतका खाष्ट मी अजून आहे. पण खांदा तुझा आहे, चौकडी तुझी आहे. तू परत वाजवणार आहेस का, खरं काय ते लिही. उघडू की नको?

कडीवर हात ठेवून बसलेला,
तुझा तातो