डिस्पोजलच्या दोन सॅक

४ एप्रिल १९९३, रविवार
लग्नाला तीन महिने झाले. आज हे म्हणाले, फिरायला जाऊ. मला वाटलं टँकबंडवर, तलावाकाठी, आइस्क्रीम वगैरे. नवी साडी नेसले. नेलं कुठे, तर सिकंदराबादला डिस्पोजलच्या दुकानात! लष्करानं मोडीत काढलेले बूट, कांबळी, पाण्याच्या बाटल्या, सगळ्याचे ढीग. मी शिंकत उभी.
हे मात्र खूश. हिरव्या कॅनव्हासच्या दोन सॅक निवडल्या. अबिड्सला हल्ली परदेशी नायलॉनच्या मिळतात, निळ्या-लाल, हलक्या. पण तसली एक घेतली तरी सगळे पैसे त्यातच जातील, मग गाठोडं बांधून इथेच बसावं लागेल, म्हणाले. दुकानदार मला: "लेके जाओ मॅडम, इत्ती मजबूत चीज कहीं नै मिलती."
कशाला हव्यात ते येताना ऑटोत सांगितलं. मे महिन्यात धरमशाळा, तिथून वर डोंगरात पायी. रेल्वेचा पास आहेच (हे तारनाक्याला रेल्वे ऑफिसात). हॉटेल नाही, हमाल नाही, सगळं पाठीवर. "येशील ना?"
आजवर मला कुठे न्यायचं ते कुणी विचारून ठरवलं नव्हतं. "हो" नाही, "हौ" म्हणाले मी. परभणीची मी, बघता बघता इथली झाले.

११ एप्रिल
सॅक गच्चीवर नेऊन रिठ्याच्या पाण्यात धुतल्या. बादलीभर हिरवं पाणी, तरी वास हटेना. ओल्या पोत्याचा, बुटाच्या पॉलिशचा, आणखी कसला तरी. एकीवर पांढऱ्या रंगात आकडे, पुसट. कुणाच्या पाठीवर कुठे कुठे गेली असेल.
सासूबाई वर आल्या. "हे काय, गाढवावर लादायचं?"
"नाही आई, आम्ही पाठीवर घ्यायचं."
"तेच म्हणते मी."

१८ एप्रिल
सॅकमध्ये तांदूळ आणि माझी शाळेची पुस्तकं भरून पहाटे विद्यापीठाच्या आवारात फेऱ्या. पट्टे खांद्यात रुततात, आतली लोखंडी चौकट कमरेला टोचते. मी शिकवते त्या विद्यानगरच्या शाळेतल्या एक बाई फिरायला आलेल्या. बघून न बघितल्यासारखं करून गेल्या. हे म्हणाले, उद्या सगळ्या स्टाफरूमला कळणार. मग दोघांना हसू आवरेना.
दुपारी मी जुन्या रजईचे तुकडे पट्ट्यांना आतून शिवायला बसले. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी, "टाके असे घालतात का? आण इकडे." चारही पट्टे त्यांनीच केले.  राग मात्र अजून आहे.

५ मे
निघालो. सासूबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट दिलं. इतकं की सॅकचं तोंड बंद होईना. यांनी चटणीचा डबा हळूच काढून ठेवला. सासूबाईंनी तो तितक्याच हळूच माझ्या सॅकमध्ये घातला.

८ मे, पठाणकोट
स्टेशनवर एका जवानानं अडवलं. सॅककडे बघत: "कौनसी यूनिट?" हे चटकन ताठ उभे राहिले. "चिक्कडपल्ली." आमच्या घराचा भाग! जवान विचारात पडला. मग माझ्याकडे बघून हसला. आम्हाला बसपर्यंत पोचवून गेला.

१० मे
नीट लिहून ठेवते.
चढ सुरू झाल्यावर मी पुढे होते. याचं मलाच आश्चर्य. हे मागे धापा टाकत. एका वळणावर हे थांबले आणि यांच्या सॅकचा पट्टा चौकटीपासून उसवला. सॅक उताराला लागली. आमची पांघरुणं, स्टोव्ह, सगळं त्यात. हे तिच्यामागे धावले. पायाखालचे दगड निसटले आणि हे घसरत खाली, पुढे नुसती दरी.
मी ओरडले. "मुकुंद! सोड ती! मुकुंद!"
एका झुडपाला धरून थांबले. सॅक त्याच्याही अलीकडे खडकाला अडकलेली. वर बघितलं. तोंड पांढरंफटक, हाताला खरचटलेलं. आणि म्हणतात काय, "परत म्हण."
मी खाली बसून रडले. नंतर रागावले. पुष्कळ बोलले, सगळं अरे-तुरेत. ते ऐकत राहिले.
त्यांचा घोटा सुजलाय. त्यांची सॅक मी घेतली, माझी हलकी त्यांना. चहाच्या टपरीपर्यंत कसेबसे आलो. टपरीवाल्यानं मागची खोली दिली, त्याच्या बायकोनं मिठाचं गरम पाणी. मुकुंद झोपलाय.
मुकुंद झोपलेत, असं लिहायला हवं.

११ मे
यांना पाय टेकवत नाही. म्हणाले, तू वर जाऊन ये. टपरीत उतरलेलं एक बंगाली जोडपं निघालंय, त्यांच्याबरोबर. मी नाही म्हटलं. "सुनंदा, एवढं लांब येऊन दोघांनीही बघायचं नाही, असं कुठाय?"
गेले. वरच्या धारेवर पोचल्यावर समोर एकदम बर्फ. किती जवळ. बोट लावावंसं... बंगाली बाई काहीतरी म्हणत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. बघत असतानाच मनात सगळं त्यांना कसं सांगायचं ते जुळवत होते.
खाली आले तर हे बाकावर बसून वाटेकडे डोळे लावून. सांगायला तोंड उघडलं. "मोठं आहे" एवढंच म्हणाले. तरी त्यांना पुरलं.

१८ मे, चिक्कडपल्ली
घरी. सासूबाईंनी यांचं लंगडणं बघितलं. हळदीचा लेप तयार करून ठेवला.
सॅक ओसरीत पडल्यात. यांना पट्टा दुरुस्त करायचाय, पुढच्या वर्षासाठी. मी कणीक मळता मळता सहज म्हणून गेले, "मुकुंद, दाभण कपाटात आहे रे."
सासूबाईंच्या देखत!
सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "मी तुझ्या सासऱ्यांचं नाव उखाण्यातच घेतलं. साधं असं पहिल्यांदा घेतलं ते, हे गेल्यावर कचेरीत पेन्शनच्या साहेबानं विचारलं तेव्हा."
 चांगलं की वाईट, काही नाही. मी तशीच उभी, हाताला कणीक.
मग म्हणाल्या, "पानं घेते. बोलव त्याला."
दारापर्यंत गेले. यांनी दाभण खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं. मागे सासूबाईंचं थापणं थांबलं होतं, मी कशी हाक मारते ते ऐकायला.