‘नंतर बघू’ गटातला संगणक

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खुर्ची चक्क गोल फिरते! औषधांच्या या कंपनीची गोदामं गावोगाव आहेत. तिथल्या सगळ्या संगणकांवर नवे प्रोग्रॅम मी इथं बसून चढवायचे. आईला फोनवर समजावलं, तर ती म्हणाली, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. खूप हसलो. शेजारच्या टेबलावरचे दादा इथले सगळ्यात जुने. त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.

५ मार्च, बुधवार

शेळ्या हट्टी निघाल्या. एका संगणकात जागाच नाही, कारण कुणीतरी भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवलेत. दुसरा ऐन वेळी बंद पडला. तिथल्या बाई म्हणाल्या, उकडत होतं, पंख्यासाठी प्लग काढला.

दादांनी आज इथली युक्ती शिकवली. अडलेला संगणक ‘नंतर बघू’ नावाच्या गटात ढकलायचा. तो गट टक्केवारीत धरत नाहीत, त्यामुळे साहेबांच्या पडद्यावर सगळं हिरवंगार दिसतं. मी विचारलं, मग नंतर बघतं कोण? दादा चहा प्यायला निघून गेले.

७ मार्च, शुक्रवार

उद्यापासून जोडून सुट्टी, म्हणून दारांच्या कुलपांचा प्रोग्रॅम आजच सगळीकडे चढायला हवा होता. एकच अडला. लांबच्या एका गोदामातला, गोठवणखोलीच्या दाराचा. जुना प्रोग्रॅम निघाला आणि नवा अर्ध्यावर थांबला.

तेवढ्यात त्या खोलीतूनच फोन आला. मालाच्या मोजणीला आत गेलेल्या एक ताई होत्या. दार उघडत नाही म्हणाल्या, आतली घंटाही वाजत नाही. वर त्रास दिल्याबद्दल त्याच माफी मागत होत्या. मी आमचं नेहमीचं सांगितलं. काम चालू आहे, पंधरा मिनिटं थांबा, आणि दुसरीकडे कळवू नका, एका कामाच्या दोन तक्रारी झाल्या की गोंधळ होतो. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणताय तर थांबते.

पुन्हा चढवलं, पुन्हा अडलं. साहेब मागे येऊन उभे राहिले, तेव्हा मी तो संगणक ‘नंतर बघू’त ढकलला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. ताईंना उलट फोन करायचा राहिला. कुणीतरी उघडलं असेलच.

११ मार्च, मंगळवार

कुणीच उघडलं नाही. आज गोदाम सुरू झालं तेव्हा ताई सापडल्या, भिंतीवरच्या फोनखाली, गुडघे पोटाशी घेऊन. फोन चालू होता. तरी त्यांनी आणखी कुणालाही फोन केला नव्हता. मी सांगितलं होतं ना, करू नका.

मदतीचा नंबर आमच्या सगळ्या टेबलांवर वाजतो. शुक्रवारी त्यांचा फोन कुणी घेतला होता का, असं साहेबांनी विचारलं. मी खाली मान घालून बसलो. दादाही. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

चूक ताईंचीच ठरली. कुणाला न सांगता आत गेल्या म्हणे.

त्यांच्या भावाचा फोन नेमका मीच उचलला. ताई अशी वागणारी नव्हे, तिनं तुम्हाला फोन केला असणारच, एवढं बघून सांगा, म्हणाला. मी म्हणालो, नाही आला. आवाज जरासुद्धा कापला नाही. आरशात बघवत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी भर ऑफिसात फोन. त्याच. झालं का हो, विचारत होत्या. दात वाजत होते. मी फोन आपटला. दादांना म्हटलं, राँग नंबर.

१७ मार्च, सोमवार

आज पुन्हा. तोच प्रश्न, तोच अदबशीर आवाज. तो संगणक तर चौकशीसाठी केव्हाच उचलून नेलाय, वायरी काढून. तरी ‘नंतर बघू’त चालू दिसतो. प्रोग्रॅम चढवून पाहिला — अर्ध्यावर थांबतो — तिथंच —

१८ मार्च, मंगळवार

सगळं सांगून टाकायचं ठरवून साहेबांच्या खोलीत गेलो. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, तुला कायम केलं. मी थँक यू म्हणालो. थँक यू! जनाची नाही तर मनाची तरी —

दादा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं फोनकडे लक्ष असतं. त्यांनाही ऐकू —

१९ मार्च

आज फोन ठेवला नाही. ऐकलं. रागावल्या नाहीत. एकदा शिव्या घातल्या असत्या तर —

म्हणालो, ताई, माझं चुकलं. म्हणाल्या, असू दे हो, नव्या माणसाचं होतं. म्हणाल्या, भाऊ रोज दाराशी येऊन बसतो. विचारत असतो, ताई, तुझा फोन कुणी घेतला होता? मी तुमचं नाव नाही घेतलं. तुम्हीच म्हणाला होतात, दुसरीकडे कळवू नका.

मग विचारलं, आता सांगू का त्याला?

आणि मी — अजूनही — मी म्हणालो, ताई, थोडं थांबा, काम चालू —