आठवा बोल्ट

ऑइलडेल, कॅलिफोर्निया
रविवार, ८ मार्च १९५९

प्रिय वेंडल,

तू खुशाल असशील. तुझ्या ग्लेनिसची तब्येत आता बरी ना? इकडे सगळं जैसे थे. अंगणामागचा तेलाचा पंप दिवसभर कुरकुरतो आणि रॉस्कोकाकांचा गुडघा त्याच्याहून जास्त. मी अजून त्याच दुकानात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या काउंटरवर. परवा एक गिऱ्हाईक आलं, मला खालीवर न्याहाळून म्हणतं, “बाई, आत कुणी माणूस आहे का?” म्हटलं, “का, मी काय म्हैस दिसते?” वरमला बिचारा. मग त्याला कुठलं गॅस्केट लागतं ते मीच सांगितलं, कारण त्याला स्वतःच्या इंजिनाचं सालही ठाऊक नव्हतं.

त्याच्याच काखेत ते मासिक होतं. “हे टॅकेट तुमच्यातलेच का?” म्हणून त्याने पान उघडून माझ्यासमोर धरलं. काळ्या द्राक्षाच्या रंगाची गाडी, पांढरीशुभ्र गादी, आणि बोनेटवर कोपर टेकवून तू. खाली छापलंय: ‘वेंडल टॅकेट यांनी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी उभी केलेली एकोणतीस सालची रोडस्टर.’

अभिनंदन हो! पण स्वतःच्या कुठल्या हातांनी? तेरा वर्षांचा असताना ग्रीस लागलं म्हणून जे तू आईच्या नव्या पडद्याला पुसलेस, त्या? बाबा गाडीखाली पाठ टेकून पडलेले असायचे, मी शेजारी पाने-पक्कड घेऊन बसलेली, आणि तू दारात उभा राहून विचारायचास, “झाली का? मला फिरवायची आहे.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्या पानभर मजकुरात बाबांचं नाव एकदाही नाही. माझं जाऊ दे. माझं नसणारच होतं.

तीन वर्षांपूर्वी, बाबांना जाऊन दोन महिने झाले नव्हते तेव्हा तू गाडी ओढून न्यायला ट्रक आणि सोबत पोलीस घेऊन दारात आलास. बहिणीकडे यायला पोलीस! कागद दाखवलास. त्यावर बाबांची सही, गाडी तुझ्या नावावर. पोलीस भला होता, टोपी काढून म्हणाला, “ताई, कागद त्यांचा आहे. माझा इलाज नाही.” तू माझ्याकडे न बघता सिगारेट ओढत उभा होतास. मी त्या दिवशी घेवडा शिजत घातला होता, तो करपून कोळसा झाला. ते पातेलं अजून ठेवलंय. घासलेलं नाही.

असो. कळवायचं ते हे की मीही एक गाडी बांधायला घेतली आहे. आपल्याच गॅरेजमध्ये, बाबांच्याच टेबलावर. बाबांचं बोलणं आठवतं ना, “जे दिसत नाही ते आधी घास”? तसंच चाललंय.

एक सहज विचारते. या तीन वर्षांत तू कधी बॉडी चासीवरून उचललीस का? रंग देताना? गादी शिवताना? सहज विचारलं हं.

तुझी थोरली बहीण,
नेल्डा


ऑइलडेल
रविवार, २६ एप्रिल १९५९

प्रिय वेंडल,

तुझं कार्ड पोचलं. दोनच ओळी, पण अक्षर सुधारलंय. ‘जुनं उकरू नकोस. गॅरेजमधल्या बाबांच्या वस्तूंना हात लावू नकोस.’ वाचून रॉस्कोकाका इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. म्हणाले, “पोरी, त्याला लिही, हात लावून झालाय, आता काय करू?”

तर झालंय काय ते ऐक. बॉडी मिळाली मॅकफार्लंडच्या पलीकडे, एका शेतकऱ्याच्या आवारात. तीही एकोणतीसची, पण आत कोंबड्या नांदत होत्या. म्हातारा म्हणाला, “गाडी न्या, पण ती तांबडी अंड्यांवर रवणीला बसलीय, तिची पिल्लं निघेपर्यंत थांबा.” थांबले. वेंडल, मी एका कोंबडीसाठी तीन आठवडे थांबले, आणि तू बाबांच्या गाडीसाठी दोन महिने थांबला नाहीस.

बॉडीचा तळ सडलेला होता. गुडघ्यापर्यंतचा पत्रा कापून नवा जोडला. वेल्डिंग माझंच, काका फक्त खुर्ची टाकून शिव्या देत होते. “हे काय, वेल्डिंग आहे की शेण थापलंय? काढ, परत कर!” चार वेळा काढलं. पाचव्यांदा बोटाने चाचपून पाहिलं आणि खुर्ची मिटून ठेवली. इंजिन व्ही-एट, जुन्या चपट्या डोक्याचं, अपघातातल्या दुधाच्या गाडीतून काढलेलं. दोन कार्बोरेटर बसवलेत. पुढच्या स्प्रिंगचा आडवा पाटा पातळ केला, नाक जमिनीला टेकायला आलंय. सीट लढाईतल्या मोडीत निघालेल्या विमानाची. रंग नाही, नुसतं तांबडं रेड ऑक्साइड. चमकायला आपल्याकडे तू आहेस की.

आता चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा. ती वर छपराच्या तुळयांना टांगलेली होती, बाबांनी स्वतः टांगलेली. तू लहानपणापासून ज्या गॅरेजच्या दारात उभा राहिलास, तिथे कधी मान वर करून पाहिलं नाहीस.

बावन्न सालच्या त्या पत्रात बाबांनी तुला कोरियात कळवलं होतं की त्यांचा हात मुरगळलाय. हात मुरगळला नव्हता. कोरड्या तळ्यावरच्या शर्यतीत ताशी एकशे अठ्ठावीस मैलांच्या वेगात गाडीने कोलांट्या खाल्ल्या. दोन बरगड्या गेल्या, खांदा निखळला, आणि चासी वाकून धनुष्य झाली. “पोरगं लढाईवर आहे, त्याच्या डोक्याला ताप नको,” म्हणाले. मी खोटं लिहिलं, त्यांनी खाली सही केली. मग त्या हिवाळ्यात आम्ही भंगारातून दुसरी चासी आणली, बॉडी तिच्यावर बसवली, आणि जुनी वर टांगली. “राहू दे,” म्हणाले, “कधीतरी सरळ करू.” ती मी आणि काकांनी आता तापवून, दाबून सरळ केली. अकरा दिवस लागले.

बाबांच्या त्या गाडीचा कागद तुझ्याकडे आहे. त्यावर चासीचा नंबर आहे. तो नंबर कारखान्याने चासीच्या डाव्या लांब पट्टीच्या माथ्यावर ठोकलेला असतो, बॉडीच्या बरोब्बर खाली, वरून कुणाला दिसू नये असा. मी रॉकेल घेऊन ब्रशने घासला. एक एक आकडा लखलखीत आहे.

तो तुझ्या गाडीखाली नाही, वेंडल. माझ्या गाडीखाली आहे. कायद्याला गाडी म्हणजे तो नंबर. तुझ्याकडे कागद आहे, आणि गाडी माझ्याकडे. बघ, झोंबल्या का मिरच्या नाकाला?

तुझीच,
नेल्डा


ऑइलडेल
रविवार, १४ जून १९५९

वेंडल,

तीन वर्षांत पहिल्यांदा तुझा फोन आला, तोही दुकानात, भर गर्दीत. “नेल, तुला नेमकं हवंय तरी काय?” मी म्हटलं, “काय हवंय ते पत्राने कळवीन,” आणि ठेवून दिला. गिऱ्हाइकं बघत होती. म्हणून ठेवला, मस्तीने नाही. आता कळवते.

पहिली गोष्ट. या महिन्याच्या सव्वीस तारखेला तुमचं ते मोठं प्रदर्शन उघडतंय. त्याच्या मंडळाला मी पत्र लिहिलंय. ‘पंचांनी गाडी क्रमांक सतराची चासी कागदाशी ताडून पाहावी.’ सतरा म्हणजे तुझी. बाकी काही नाही. सहीनिशी लिहिलंय, चोरून नाही. शुक्रवारी पोस्टात टाकलं, म्हणजे परत घ्यायचा प्रश्न नाही. काका म्हणाले, “सख्ख्या भावाचं नाक चारचौघांत कापायला निघालीस?” म्हटलं, “माझं कापलं तेव्हा त्याने तर पोलीस आणला होता.” ते उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र आले.

तर पंच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी येतील, बॉडी उचलायला लावतील. डाव्या पट्टीवर बॅटरी मारतील. नंबर जुळणार नाही. तुझी पांढरी गादी उसवलेली असेल, कोपर टेकवायला बोनेट नसेल, आणि मासिकवाला तिथेच असेल. हे सगळं मी मार्चपासून डोळ्यांसमोर आणत आलेय. वेल्डिंग करताना, पत्रा ठोकताना, प्रत्येक घावाला. खोटं कशाला बोलू, मजा आली.

पण त्या पट्टीवर आणखी एक गोष्ट आहे. ती मी दोन्ही पत्रांत गाळली. ती मी साडेसहा वर्षं गाळत आलेय.

त्या हिवाळ्यात बॉडी बसवायच्या आदल्या दिवशी बाबांनी अक्षरांच्या ठशांची पेटी काढली. एक हात गळ्यात बांधलेला, म्हणून ठसा मी धरला आणि हातोडी त्यांनी मारली. एकदा माझ्या अंगठ्यावर बसली, नख काळं पडलं. जिथे नंबर असतो त्याच्याच शेजारी, नव्या चासीच्या डाव्या पट्टीवर, त्यांनी लिहिलं:

‘वेंडल, इथवर आलास तर ती तुझी.’

मी विचारलं, “तो कशाला बघायला येतोय इथे?” म्हणाले, “परत आला तर एक दिवस उघडेल. स्वतः उघडली तर वाचेल. नाहीतर नाही.” ‘परत आला तर’ म्हणताना त्यांचा आवाज कसा झाला ते मी लिहीत नाही. कोरियातून त्या महिन्यात तुझं एकही पत्र आलं नव्हतं.

मी ठसा धरून उभी होते, वेंडल. तीन वर्षं त्या गाडीखाली मी लोळले, रेतीत मी त्यांना ओढून बाहेर काढलं, आणि नाव तुझं! मला त्या क्षणी तुझा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नाही. बाबांचाही आला. पुढे ते गेले, आणि मेलेल्या बापावर रुसता येत नाही म्हणून तो सगळा तुझ्या खात्यात टाकला.

आणखी ऐक. तू पोलीस घेऊन येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. मी कानस घेतली. ती ओळ घासून सपाट करायची होती. बॉडीचे आठ बोल्ट, त्यातले सात काढले. आठवा निघेना. पाना घसरला, हाताची सालटी निघाली, बोल्ट जागचा हलला नाही. शेवटी रडत सातही परत घट्ट केले. तेव्हा मी दया केली असं चुकूनही समजू नकोस. मला पाझर फुटला नव्हता. बोल्ट गंजला होता, एवढंच.

आणि ही चासी खाली उतरवली तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल? दोन्ही पट्ट्या घासल्या. वर, खाली, आतून. म्हटलं, माझ्यासाठी काहीतरी लिहिलं असेल. एखादं अक्षर. काही नव्हतं रे. कारखान्याचा नंबर, बस्स. मी जमिनीवर फतकल मारून बसले. काका दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, तू रोज इथेच होतीस. तुला लिहून कशाला सांगायचं?” म्हटलं, “असलं शहाणपण तुमच्या गुडघ्याला शिकवा.”

पण त्या कागदाचा विचार करते. बाबांनी तुला सही करून दिला तो माझ्या चासीच्या नंबराचा. म्हातारा विसरभोळा होता की बिलंदर, देव जाणे. कागदाने माझी गाडी तुझी आहे, आणि तुझी गाडी कुणाचीच नाही, जोवर तू ती ओळ वाचत नाहीस. आणि इथवर तू अजून आलेला नाहीस, वेंडल. पोलीस आणलास, ट्रक आणलास, रंगारी आणलास. स्वतः नाही आलास.

पंच गुरुवारी, पंचवीसला येतील. त्यांनी ती ओळ तुझ्याआधी वाचावी असं वाटत असेल, तर खुशाल बोनेटवर कोपर टेकवून उभा राहा. नसेल वाटत, तर बुधवारपर्यंत वेळ आहे. गादी तुझ्या हाताने उसव. बोल्ट तुझ्या हाताने काढ. ग्लेनिसचे पडदे तेवढे सांभाळ.

पण तुझ्याकडे पाने कुठले? ते सगळे इथे आहेत, टेबलावरच्या खिळ्यांना, बाबांनी टांगले तसेच. न्यायचे असतील तर मागायला यावं लागेल. एकट्याने. येताना कागद घेऊन ये, माझ्या नावाने सही करून. सही केल्याशिवाय एकही पाना मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते.

काल मी ठशांची पेटी काढली. या वेळी ठसाही मीच धरला आणि हातोडीही मीच मारली. माझ्या डाव्या पट्टीवर, नंबराच्या शेजारी. ‘नेल्डा इथेच होती.’ आज बॉडी बसवली. आता कुणाला दिसणार नाही.

आठवा बोल्ट उजवीकडचा, मागचा. ठोकू नकोस, डोकं उडेल. आधी तापव, तेल सोड, आणि थांब. तुला थांबता येत नाही, ठाऊक आहे. तरी थांब.

लोभाचं नंतर बघू, आधी कागद आण.

नेल्डा