जॉन वीलरची हजेरी

रविवार, १० एप्रिल १८६४
‘टॅमरॅक’ जहाज, चार्ल्स्टनसमोर

ब्रुकलिन सोडल्यापासून आज लिहू, उद्या लिहू करत टाळत आलो. कारण आळस, दुसरं काही नाही. शिवाय माणूस तक्रार करायला लिहितो, आणि मला तक्रार नव्हती. खारवलेलं डुकराचं मांस, घेवडा, वर कॉफी. माझ्या देशी, लोफोतेन बेटांवर, कॉड मासे धरायच्या होडीवर बोटं गोठेपर्यंत गळ ओढून याच्या निम्मंही मिळत नसे.

काम म्हणजे बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून बसायचं आणि बंडखोरांची जहाजं आत-बाहेर जाऊ द्यायची नाहीत. त्या दक्षिणेकडच्यांशी माझं भांडण नाही. पण उत्तरेकडच्यांनी जेवायला घातलं, म्हणून मी उत्तरेचा.

इथे मी जॉन वीलर. भरतीच्या कारकुनाला ‘तोर्गेर नेस’ म्हणता येईना. घसा खाकरल्यासारखं करून तो म्हणाला, वीलर घे, ते सध्या मोकळंच आहे. मी बंदरागणिक टोपी बदलणारा माणूस, नाव बदललं तर काय बिघडलं?

डूली, आमचा आयरिश टंडेल, खलाशांचा मुकादम, मला परदेशी म्हणून ‘चौकोनी डोक्या’ म्हणतो. स्वतः तीन वर्षांपूर्वी उतरला, एवढ्यात पक्का अमेरिकन. मी नाव सांगितलं तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. वीलर, हे पुटपुटून तो दुसरीकडे बघायला लागला.

गुरुवार, १४ एप्रिल

कारण कळलं. सायरसकडून. सायरस म्हणजे आमचा आचारी, कॅरोलिनातल्या भातशेतीवर गुलाम होता, मालकाच्या हातावर तुरी देऊन होडीत बसून आलेला. त्याच्याइतका चांगला माशाचा रस्सा मी कुठे खाल्ला नाही, त्यावर एकदा वेगळं लिहायला हवं.

तर वीलर याच जहाजावर होता. फेब्रुवारीत नांगराची साखळी सोडवताना लाटेने नेला. सापडला नाही. त्याची झोपायची झोळी माझ्या वाट्याला आलीय. मी म्हटलं, मेलेल्याला नाव काय करायचंय?

“माझं नाव मी स्वतः ठेवलंय, राजा,” सायरस म्हणाला. “तू दुसऱ्याचं घातलंस. तो मागायला आला तर काय करशील?”

रविवार, १७ एप्रिल

रविवारी हजेरी असते. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, टोपी काढायची आणि कप्तानासमोरून जायचं.

आज ‘जॉन वीलर’ पुकारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी हजर म्हणालं. घशात पाणी असावं तसा आवाज. मी पुढे झालो तर लेफ्टनंट खेकसला, एकदा मिरवून झालं ना, परत कशाला? सगळे हसले. मीही हसलो. फळ्यांवर माझ्या पुढे ओल्या पावलांचे ठसे होते.

मंगळवार, १९ एप्रिल

जेवायला गेलो. सायरस म्हणे, तू आत्ताच नेलंस. मी म्हटलं, चेष्टा पुरे. तो चेष्टा करत नव्हता.

पहाऱ्याला गेलो तर डूली म्हणाला, अरे, तू तर मघापासून जहाजाच्या पुढच्या टोकाला उभा आहेस. पुढे जाऊन पाहिलं. कुणी नाही. कठडा ओला, आणि वर शेवाळ.

शुक्रवार, २२ एप्रिल

माझ्यासमोरच बोलतात, जणू मी नाहीच. वीलर पुन्हा पूर्वीसारखा झाला म्हणतात, गातो, खुलून बोलतो. मी इथे कधी गायलो नाही.

दुपारी झोळी खाली लोंबत होती, आत कुणाचं तरी वजन. घोंगडीतून पाणी ठिबकत होतं. मी कोळशाच्या कोठीत झोपतो.

रविवार, २४ एप्रिल

आज नाव पुकारण्याआधीच ओरडलो, हजर. लेफ्टनंटने मानही वर केली नाही. मग घशात पाणी असलेला तो आवाज बोलला, तेव्हा सगळ्यांनी तिकडे पाहिलं, हसून—

माझा आवाज कुणाला—

सोमवार, २५ एप्रिल

ठरलं. हे नाव परत देतो. खोट्या नावाने भरती झालो म्हणून बेड्या पडतील, पडू देत. तोर्गेर नेसला पडतील. तेवढं पुरे.

डूलीपुढे जाऊन खरं नाव घेतलं, आणि त्याने मान वळवली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे पाहिलं.

“तोर्गेर नेस,” तो हळूच म्हणाला. “बरं. उद्या रसदेच्या आगबोटीवरून किनाऱ्याला धाडतो तुला. तोवर खाली बस, कुणाशी बोलू नकोस.”

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

मंगळवार, २६ एप्रिल

आगबोट लागली. बोचकं बांधून बसलोय. वर गडबड कसली—

सायरस आला. दारातच थांबला, आत येईना. म्हणतो, आगबोटीतून एक नवा खलाशी चढलाय, कुणी मागवलेला नाही. समुद्र तर शांत आहे, आणि त्याच्या कपड्यांतून पाणी गळतंय. डूलीने नाव विचारलं—

“तोर्गेर नेस म्हणाला तो,” सायरस म्हणाला. “लोफोतेनचा. तू कालपासून हेच नाव—”

बोलता बोलता त्याची नजर माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली. भरतीच्या वेळी मी टाकलेलं माझं नाव कुणीतरी उचललं.

डूली शिडी उतरतोय. विचारेल, मग तू कोण? सांगेन ना. मी आहे—