दोन कप चहा

मार्कहॅम, रविवार संध्याकाळ

आफ्रिकेतल्या सफारी कॅम्पच्या बाईंचा फोन आला होता. काही दिवसांनी तंबू गुंडाळून दुसऱ्या रानात हलवतात म्हणे. पहाटेचा चहा मात्र तंबूच्या दाराशी येतो, तो कसा हवा? मी चटकन म्हणाले, “एक साखरेचा, एक बिनसाखरेचा.”

लीना शेजारीच होती. “मम्मी, यू आर गोइंग अलोन.”

ठाऊक आहे गं पोरी. ही ट्रिप म्हणजे तुझ्या डॅडींचीच हौस. हे गेले, चर्चमध्ये वर्षाच्या स्मरणाची मिस्साही झाली, तरी माझी जीभ दोघांचाच चहा सांगते. त्यांचा बिनसाखरेचा. लगेच दुरुस्त करायला हवं होतं का? बाई थँक यू म्हणाल्या आणि मी फोन ठेवला.

येऊ देत दोन कप. एक निवत राहील, त्याच्याकडे बघत मी माझा पिईन.