अंजिराच्या वरची वाट

२२ सप्टेंबर, शनिवार

ठरलं! सोमवारी अंजिराच्या घळीतून डोंगराच्या धारेवर जायचं. एकटीने. दोन्ही टोकं करून यायचं. मुतलक हसला तेव्हाच ठरलं.

शुक्रवारी अम्मानहून सहा शिक्षिका येताहेत, त्यांना वाट दाखवायला बाईच हवी. आमच्या रम गावात वाटाडे चाळीस आणि बाई एकही नाही. मी म्हटलं, मी नेते. तर हा माझा धाकटा भाऊ, ज्याचं नाक मी पुसलं, तो म्हणतो, "फिद्दाताई, तू आपली चहा कर. तुझ्यासारखा चहा अख्ख्या वाळवंटात नाही." वर म्हणे, ती बाबांची वाट आहे, अंजिराच्या झाडापुढे आजवर एक बाई गेलेली नाही.

"आणि मी गेले तर?"

"दोन्ही टोकांवरून धूर दाखव. शुक्रवारच्या बाया तुझ्या."

चारचौघांत बोललाय. आता फिरवून दाखव म्हणावं शब्द!

२३ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं. वाटलं, आता ओरडेल. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती. मानही वर केली नाही. "वरचं अंजीर पिकलं असलं तर आण."

वरचं? घळीत झाड एकच, तेही खाली. सत्तरी आली, होतो गोंधळ. "आणते," म्हटलं.

पिशवी भरली – किटली, साखर, चहापत्ती, काडेपेटी, पाणी, भाकरी. झोप येत नाहीये.

२४ सप्टेंबर, सोमवार

दोन्ही पाय घमेल्यात बुडवून लिहितेय. आग होतेय आणि हसू थांबत नाहीये!

उजाडताच घळीत शिरले. अंजिरापर्यंत बाबा मला न्यायचे. तिथे बसवून स्वतः शिकारीला पुढे जायचे, आणि मी अंजिरं खात वाट बघायची. आज पहिल्यांदाच पुढे गेले. दोन कातळांमध्ये भेग, जेमतेम अंग मावेल एवढी. पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला, आणि सरक वर. मधे एकदा अडकले. जेवण कमी करायला हवं.

भेगेतून डोकं बाहेर काढलं – आणि समोर अंजीर! दुसरं झाड! लगडलेलं! म्हणजे आईचा गोंधळ नव्हता. बाबांनीच सांगितलं असणार तिला. पाच खाल्ली, तिच्यासाठी ओढणीच्या टोकाला बांधली.

पुढे गुळगुळीत तिरका कातळ. बूट दोनदा घसरले. बाबा अशा जागी अनवाणी चढायचे, मीही बूट काढून झाडाखाली ठेवले. परत इथूनच तर यायचं होतं. बाबा बुटांच्या नाड्या बांधून गळ्यात अडकवायचे, हे मात्र मला घरी आल्यावर आठवलं!

धाकट्या टोकावर पोचले, काटक्या पेटवल्या, पहिला धूर. थोरल्याकडे जाणारी धार इतकी अरुंद की उंटावर बसल्यासारखी बसून सरकले. दोन्ही बाजूंना नुसती हवा. खूप भ्यायले, लिहिते इथे, मुतलकला कोण सांगतंय! थोरल्या टोकावर दुसरा धूर, वर चहा. खालून जीपचे हॉर्न वाजायला लागले, चार, पाच, सगळ्या गावाचे! मी उभी राहून माझंच नाव ओरडले. रडलेसुद्धा.

उतरताना तो कातळ वरून पाहिला, तिथून उतरायची हिंमत होईना. मग पलीकडच्या वाळूच्या उतारावरून आले. बूट राहिले. भर दुपारची वाळू, दोन तास.

मुतलकने आधी मिठी मारली. मग पायांकडे बघितलं.

"बूट कुठायत?"

"वर."

"वा! वाटाडीच बूट विसरणार, मग पाहुण्यांनी काय विसरायचं, डोकं? बूट घेऊन ये, मग ने बाया."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले.

२५ सप्टेंबर, मंगळवार

तळपायांना फोड. उभंही राहवत नाही. मुतलक मलम घेऊन आला, स्वतः लावलं. शब्दाला मात्र पक्का – "बूट." मेला!

२६ सप्टेंबर, बुधवार

आईने सगळी अंजिरं एकटीने संपवली. मग विचारलं, "कुठं ठेवलेस बूट?"

"वरच्या अंजिराखाली."

"हं."

बस, एवढंच. शुक्रवार गेला हातचा. वाईट वाटतंय, फार.

२७ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दारात माझे बूट! दोन्हींत एकेक पिकलं अंजीर.

आई भिंतीला टेकून चहा पीत होती. कोपरं सोललेली, झग्याची पाठ कातळाच्या तांबड्या धुळीने माखलेली.

"आई! तू त्या भेगेतून—"

"मग? तुझ्या बापाला ती वाट दाखवली कुणी?"