'खा' म्हणायचं राहिलं

शनिवार, कोथरूड

सकाळी ताईच्या वास्तुशांतीला मांजरी गावात जायला निघायच्या घाईत मोत्याचं भांडं भरलं आणि 'खा' म्हणायचं राहून गेलं. संध्याकाळी परतलो, तर भांडं तसंच भरलेलं. समोर मोत्या बसलेला, फरशीवर लाळ. 'खा' ऐकल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हे आम्हीच शिकवलेलं. कौतुकाने.

ह्यांनी आधी फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला. "बघ, याला म्हणतात शिस्त!"

"अहो, कुत्रा दिवसभर उपाशी आहे."

"पण हलला का?"

तिकडे मला आग्रह करकरून जिलेबी वाढत होते. आणि इथे हे भरलेलं भांडं. माझ्या एका शब्दासाठी?

"खा," म्हटलं. त्याने आधी माझा हात चाटला. चावला असता तर बरं झालं असतं.